क्लॅरेंडनच्या बाहुल्या आणि आईबापांच्या सह्या

२८ मे १९५१ रोजी अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहरी, तीन न्यायाधीशांच्या पीठासमोर ब्रिग्ज विरुद्ध एलियट हा खटला उभा राहिला. सुनावणी सुरू होताच प्रतिवादी शाळामंडळाचे वकील रॉबर्ट फिग यांनी उठून कबुली देऊन टाकली. क्लॅरेंडन काउंटीतल्या काळ्या मुलांच्या शाळा गोऱ्यांच्या शाळांच्या तोडीच्या नाहीत हे मान्य. त्या सुधारायचं आता राज्याने ठरवलंय आणि त्यासाठी विक्रीकर लावून साडेसात कोटी डॉलरची योजनाही आखलीय. वादी पालकांचे वकील थर्गुड मार्शल यांनी मोडक्या इमारती, पाण्याची सोय नसलेले वर्ग, बाहेरचे संडास यांचे ढीगभर पुरावे आणले होते. या एका कबुलीने त्यांतली हवाच निघून गेली.

उरला एकच प्रश्न. इमारती, पगार, पुस्तकं सगळं उद्या सारखं झालं, तरी काळी मुलं आणि गोरी मुलं कायद्याने वेगळी बसवल्यामुळे काही इजा होते का? १८९६च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व घालून दिलं होतं. वेगळं काढण्यात कमीपणा वाटत असेल तर तो काळ्यांनी स्वतःच लावून घेतलेला अर्थ आहे, असा त्या निकालाचा सूर होता. म्हणजे कायद्याची मेख मानसशास्त्राच्या प्रश्नात अडकली होती, आणि ती काढायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क. त्यांनी सोबत बाहुल्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आणले होते.

पार्श्वभूमी

१९४९-५० साली क्लॅरेंडन काउंटी गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च करत होती, काळ्या मुलामागे ४३. काळी मुलं होती ६,५३१. त्यांच्या ६१ शाळांची मिळून किंमत होती १,९४,५७५ डॉलर. गोरी मुलं २,३७५. त्यांच्या १२ शाळांची किंमत ६,७३,८५०. गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या धावत. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती.

भांडणाला तोंड फुटलं ते बसवरूनच. पाद्री आणि शिक्षक असलेले जोसेफ डीलेन यांच्या पाठबळावर लीवाय पिअर्सन या शेतकऱ्याने बससाठी दावा लावला. त्याचं शेत दोन शालेय हद्दींवर पसरलेलं होतं आणि कर दुसऱ्या हद्दीत भरला जात होता, एवढ्या कारणावरून १९४८मध्ये दावा बाद झाला. मग डीलेन यांनी एकट्यादुकट्या वादीचा नाद सोडला. १९४९च्या नोव्हेंबरात शंभराहून अधिक पालकांच्या आणि मुलांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. पहिलं नाव होतं हॅरी ब्रिग्ज, नौदलात नोकरी करून आलेला पेट्रोलपंपावरचा कामगार.

सह्या केलेल्यांच्या पोटावर पाय द्यायला वेळ लागला नाही. हॅरीची नोकरी गेली, मोटेलमध्ये साफसफाई करणाऱ्या त्याच्या बायकोचीही, एलायझाचीही, गेली. शेतकऱ्यांची उधारी बंद झाली, त्यांच्या कापसातली सरकी काढून द्यायला गिरण्या नकार देऊ लागल्या. डीलेन यांचं घर जळालं, पुढे १९५५मध्ये चर्चही जाळलं गेलं आणि त्यांना राज्य सोडून पळावं लागलं. तरीही दाव्यात वीस पालकांची नावं टिकली.

ही सगळी माहिती इथे एवढ्यासाठी दिली की या प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण थेट बाहुल्यांपाशी पोहोचतात. मुलांच्या मनाची मोजणी ज्या गावात झाली, त्या गावात त्यांचे आईबाप काय करत होते हे नजरेआड झालं की निष्कर्ष एकांगी निघतो.

चाचणी: साहित्य, क्रम, नोंदी

चाचणीचं मूळ मेमी फिप्स क्लार्क यांच्या कामात आहे. आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे १९१७ साली जन्मलेल्या मेमी यांनी हॉवर्ड विद्यापीठात एम.ए.च्या प्रबंधासाठी लहान काळ्या मुलांना स्वतःच्या वंशाची जाणीव कधी आणि कशी होते हा विषय घेतला. पती केनेथ नंतर त्यात सामील झाले. कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे पहिले दोन काळे संशोधक म्हणजे हेच दांपत्य. कीर्ती मात्र जवळजवळ सगळी केनेथ यांच्या वाट्याला आली, कारण न्यायालयात बोलले ते.

त्यांच्या १९४७च्या निबंधात पद्धत नेमकी दिली आहे. साहित्य म्हणजे चार बाहुल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. सगळ्या एकाच साच्यातल्या, हातपाय आणि मान एकाच ठेवणीत, अंगावर फक्त पांढरा लंगोट. निम्म्या मुलांसमोर त्या गोरी, तपकिरी, गोरी, तपकिरी अशा मांडल्या. उरलेल्या निम्म्यांसमोर उलट, म्हणजे एखाद्या जागेकडे हात आपोआप जात असेल तर त्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जावा.

मग एकेका मुलाला आठ विनंत्या करायच्या. खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान बाहुली दे. वाईट दिसते ती दे. छान रंगाची दे. पुढच्या तिन्हींत गोऱ्या, 'कलर्ड' आणि 'निग्रो' मुलासारखी दिसणारी बाहुली मागायची. आणि शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे. पहिल्या चारांतून आवडनिवड कळते, पुढच्या तिनांतून मुलाला वंशातला फरक ओळखता येतो की नाही ते कळतं, आठवीतून तो स्वतःला कुठे ठेवतो ते.

या क्रमात एक गोष्ट दडलेली आहे, आणि आमच्या मते पूर्ण निबंधातली तीच सर्वांत मोलाची आहे. प्राथमिक चाचपणीत क्लार्क दांपत्याला दिसलं की 'तुझ्यासारखी कोणती' हे आधी विचारलं आणि मुलाने तपकिरी बाहुली उचलली, तर पुढच्या प्रश्नांनाही तो तपकिरी बाहुलीच पसंत करतो. ही खरी आवड नसून 'मी' गुंतल्याचा परिणाम आहे असं धरून त्यांनी तो प्रश्न शेवटी ढकलला. प्रयोगाच्या शिस्तीने पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याच निरीक्षणाचा दुसरा अर्थ असा की मुलाला आपण कोण याची आठवण आधी झाली, तर तो आपल्या रंगाच्या बाजूने उभा राहतो. जाणिवेने पसंती बदलते हा निष्कर्ष त्या ओळींत आयताच होता. तो अडथळा म्हणून बाजूला ठेवला गेला.

आकडे काय सांगतात

मुलं २५३, वय ३ ते ७. त्यांतली १३४ आर्कान्सामधल्या पृथक शाळांतली, ११९ मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या मिश्र शाळांतली. खेळायला गोरी बाहुली मागणारी ६७ टक्के. गोरी छान म्हणणारी ५९ टक्के, तपकिरी वाईट दिसते म्हणणारीही ५९ टक्के. फरक ओळखण्यात मुलं पक्की होती. 'गोऱ्या मुलासारखी' आणि 'कलर्ड मुलासारखी' या विनंत्यांना नव्वद टक्क्यांवर बरोबर उत्तरं आली. 'तुझ्यासारखी' म्हटल्यावर मात्र ६६ टक्क्यांनी तपकिरी दिली, ३३ टक्क्यांनी गोरी.

हा ३३ टक्क्यांचा आकडा फार गाजला. पण निबंधातला पुढचा तक्ता उघडला की त्याचं वजन कमी होतं. उजळ रंगाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांनी गोरी बाहुली स्वतःसारखी म्हटली. मध्यम रंगाच्या मुलांत हे प्रमाण २६ आणि गडद रंगाच्या मुलांत १९. अमेरिकेत काळा कोण हे रंगावर ठरत नाही, वंशावळीवर ठरतं. ज्याची कातडी खरोखरच तपकिरी बाहुलीपेक्षा गोऱ्या बाहुलीच्या जवळची आहे, त्या मुलाने डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. त्याला स्वत्व नाकारणं म्हणता येत नाही.

वयाचंही तसंच. स्वतःला तपकिरी बाहुलीत ओळखणारी तीन वर्षांची मुलं ३६ टक्के, सात वर्षांची ८७. गोरीशी खेळण्याची इच्छा चौथ्या वर्षी सर्वाधिक, ७६ टक्के. सातव्या वर्षी ६०. म्हणजे समज वाढते तशी ओळख पक्की होते आणि गोऱ्या बाहुलीची ओढ थोडी उतरते.

सगळ्यांत अडचणीचा भाग उत्तर आणि दक्षिण यांच्या तुलनेत आहे. कायद्याने वेगळं ठेवल्यामुळे इजा होते असा दावा करायचा, तर दक्षिणेतल्या पृथक शाळांत ती जास्त दिसायला हवी. दिसलं उलट. गोरी बाहुली खेळायला मागणारी दक्षिणेत ६२ टक्के, उत्तरेत ७२. तपकिरी वाईट म्हणणारी दक्षिणेत ४९, उत्तरेत ७१. सर्वोच्च न्यायालयात दक्षिण कॅरोलायनाची बाजू मांडणारे जॉन डब्ल्यू. डेव्हिस यांनी १९५२च्या डिसेंबरात नेमकं यावर बोट ठेवलं.

क्लार्क यांचं स्पष्टीकरण मुलांच्या वागण्यावर उभं होतं. आपल्यासारखी बाहुली दाखवायची वेळ आली तेव्हा उत्तरेतली काही मुलं रडली. दोन तर हुंदके देत खोलीबाहेर पळाली. एका पाच वर्षांच्या मुलाने तपकिरी बाहुली उचलताना आपला चेहरा भाजून बिघडल्याचं कारण दिलं. सात वर्षांच्या एका उजळ मुलाने आपण मुळात गोरेच, उन्हाळ्यात रापलो म्हणून तपकिरी दिसतो असं पटवून द्यायचा खटाटोप केला. दक्षिणेतली मुलं शांत होती, आणि ती शांतता म्हणजे वाट्याला आलेला कमीपणा मुकाट्याने स्वीकारणं, असं क्लार्क मानत.

निरीक्षणं अस्सल आहेत आणि वाचताना पोटात तुटतं. पण तर्काला खोट आहे. रडलं तरी इजा आणि शांत राहिलं तरी इजा, असं धरलं तर इजा नाही हे दाखवणारं वर्तन उरतच नाही. अशा मोजमापातून कारण हाती लागत नाही.

सोळा मुलं

खटल्याआधी क्लार्क यांनी क्लॅरेंडनला जाऊन तिथल्या मुलांची चाचणी घेतली. वय ६ ते ९, संख्या १६. दहांनी गोरी बाहुली पसंत केली, अकरांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हटलं, सातांनी गोरी आपल्यासारखी म्हणून दाखवली. या मुलांच्या स्वतःबद्दलच्या भावनेला निश्चित इजा झाली आहे, असं मत क्लार्क यांनी शपथेवर दिलं. फिग यांनी उलटतपासणी थोडक्यात आटोपली. सोळा मुलांचा नमुना न्यायाधीश मनावर घेणार नाहीत असा त्यांचा होरा होता.

होरा अगदीच चुकीचा नव्हता. सोळांतल्या दहांचं प्रमाण ६२.५ टक्के. नाणं सोळा वेळा उडवलं तर दहा किंवा अधिक वेळा छापा येण्याची शक्यता पाचात एकाहून थोडी जास्त असते. शिवाय तुलनेला गोरी मुलं नव्हती, शेजारच्या मिश्र शाळेतली काळी मुलं नव्हती (तशी शाळाच काउंटीत नव्हती), आणि त्या मुलांना घरी खेळायला कोणत्या बाहुल्या मिळत याची नोंद नव्हती. दुकानात तपकिरी बाहुली क्वचित मिळायची अशा काळात ओळखीचं खेळणं मागणं आणि आपला वंश नाकारणं यांत या चाचणीला फरक करता येत नाही. बाहुल्यांत कातडीबरोबर केसांचा रंगही बदलत असेल तर मूल कशावर भाळलं हेही सांगता येत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र नमुन्याच्या आकाराची नाही. क्लार्क दांपत्याने आत्मसन्मान मोजलाच नव्हता. त्यांनी मोजलं ते मुलांना समाजातली रंगांची उतरंड माहीत आहे का हे. ती माहीत आहे, तीन-चार वर्षांच्या वयातच माहीत आहे, हे त्यांनी निर्विवाद दाखवलं, आणि हा शोध लहान नाही. त्यावरून 'म्हणून मूल स्वतःला हीन समजतं' या टप्प्यावर जायला वेगळं मोजमाप लागतं.

निकाल आणि त्याची किंमत

१९५१च्या जूनमध्ये चार्ल्सटनच्या पीठाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. जॉन पार्कर आणि जॉर्ज बेल टिमरमन यांनी शाळा समान करायचा आदेश देऊन पृथकता कायम ठेवली. जे. वेटीज वेरिंग यांनी विरोधी मतात लिहिलं की पृथकता हीच मुळात विषमता आहे. गोऱ्या चार्ल्सटनने वेरिंग यांना वाळीत टाकलं. वर्षभरात निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले.

दावा अपिलात वर गेला आणि कॅन्सस, व्हर्जिनिया, डेलावेअर इथल्या दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयातल्या ब्राउन खटल्यात जोडला गेला. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शाळांतली पृथकता घटनाबाह्य ठरवली. वेगळं काढल्याने मुलांच्या मनात समाजातल्या आपल्या स्थानाबद्दल न्यूनगंड रुजतो आणि तो कदाचित कधीच पुसला जाणार नाही, असं सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं. अकराव्या तळटीपेत समाजशास्त्रज्ञांच्या कामांची यादी आली. पहिलंच नाव क्लार्क यांचं, १९५०च्या अहवालासाठी.

खटला जिंकण्यासाठी हा मार्ग लागला हे मान्य करायलाच हवं. प्लेसीने 'इजा तुमच्या कल्पनेतली' म्हटलं होतं, त्याला उत्तर इजेच्या पुराव्यानेच देता आलं. पण या मांडणीत काळं मूल जखमी, काळी शाळा जखम करणारी आणि गोऱ्या मुलाशेजारचा बाक हा उपाय, असं चित्र ठरून गेलं. एकत्रीकरण प्रत्यक्षात आलं तेव्हा दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, काळ्या शाळा बंद झाल्या. त्या शाळांत पैसा नव्हता, तरी मुलांकडून अपेक्षा ठेवणारी माणसं होती. त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात नव्हती. गोऱ्या मुलाच्या मनात श्रेष्ठत्वाची भावना पेरली जाते, हाही प्रश्न त्यात बाजूला पडला. बत्तीस समाजशास्त्रज्ञांनी सह्या केलेल्या १९५२च्या निवेदनात त्याचा उल्लेख होता, निकालात नाही.

क्लॅरेंडनला तर निकालही पोहोचला नाही. १९५५च्या जुलैमध्ये दावा परत चार्ल्सटनला आला तेव्हा पार्कर यांनी अर्थ लावला की राज्यघटना एकत्र करायला सांगत नाही, फक्त भेदभावाला मनाई करते. या वाक्याच्या आडोशाला दक्षिणेतल्या शाळामंडळांनी दहा वर्षं काढली. काउंटीतल्या समरटन गावी गोऱ्यांच्या शाळेत पहिली काळी मुलं १९६५मध्ये बसली, आणि गोऱ्या पालकांनी आपली मुलं खाजगी शाळेत हलवली.

पुन्हा त्याच बाहुल्या

१९६९मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जोसेफ राबा आणि जेफ्री ग्रँट यांनी तीच चाचणी ४ ते ८ वर्षांच्या १६० मुलांवर घेतली. या वेळी गोरी मुलंही होती. काळ्या मुलांपैकी ७० टक्क्यांनी खेळायला काळी बाहुली मागितली. लिंकनमध्ये काळी वस्ती अगदी थोडी, शाळा मिश्र. शाळा मिश्र असणं हे एवढ्याने कारण ठरत नाही, कारण स्प्रिंगफील्डही मिश्रच होतं. मधल्या काळात माँटगोमेरी, बर्मिंगहॅम, सेल्मा इथली नागरी हक्कांची आंदोलनं घडली होती; 'काळं ते सुंदर' हे वाक्य केसांच्या ठेवणीपर्यंत उतरलं होतं. काळाबरोबर शहरही वेगळं होतं, त्यामुळे एका अभ्यासावरून चळवळीला पूर्ण श्रेय देता येत नाही. पण क्लार्क यांनी अडथळा म्हणून शेवटी ढकललेला परिणाम, आपण कोण हे आधी आठवलं की पसंती बदलते, तो इथे समाजाच्या पातळीवर दिसतो असं आम्हाला वाटतं.

सिद्धांताच्या अंगाने ही गाठ मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी सोडवली. वैयक्तिक आत्मसन्मान आणि गटाशी असलेलं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी काढता येत नाही, हे त्यांनी दशकांच्या अभ्यासांची छाननी करून मांडलं. त्यांच्या १९७१च्या प्रतिमानात जाणीव टप्प्यांनी येते. आधी जगाची उतरंड स्वाभाविक वाटते, मग एखादा धक्का ती मोडतो, मग माणूस आपल्या लोकांच्या सगळ्यात बुडी मारतो, आणि अखेरीस ती ओळख स्थिर होऊन कामाला लागते. क्लॅरेंडनचे पालक या चष्म्यातून पाहिले तर बसगाडी नाकारली जाणं हा धक्का होता आणि सह्यांचा अर्ज ही स्थिर झालेली ओळख. नोकरी जाणार हे दिसत असताना केलेली सही न्यूनगंडाच्या गणितात बसत नाही. त्यांच्या मनाची चाचणी कोणीच घेतली नाही.

आपल्याकडे ही चाचणी वापरायची तर

कोलंबिया विद्यापीठात क्लार्क दांपत्याच्या दोन दशकं आधी, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. १९४६मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला. १९७२ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. तेव्हा मराठी संशोधकाला जातीवर अशी चाचणी करावीशी वाटणं साहजिक आहे.

बाहुल्या तशाच उचलून आणल्या तर फसगत होईल. जात रंगात दिसत नाही. तपकिरी आणि गोरी बाहुली दिल्यास गोरेपणाची ओढ मोजली जाईल, आणि ती सवर्ण घरांतही भरपूर आहे. जात कळते आडनावातून, वस्तीच्या नावातून, बोलीतून, भिंतीवरच्या तसबिरीतून. म्हणून चित्रं एकसारखी ठेवून फक्त आडनाव किंवा तसबीर बदलावी, आणि चित्रांच्या जागा अदलाबदल कराव्यात. पसंतीचे आणि ओळखीचे प्रश्न दोन्ही क्रमांनी, निम्म्या निम्म्या मुलांना विचारावेत. उत्तरांतला फरक हीच जाणिवेची नोंद. सर्व जातींची मुलं घ्यावीत, आत्मसन्मानाची मोजणी वेगळ्या साधनाने करावी. उत्तर देताना मूल घुटमळलं किंवा रडवेलं झालं तर चाचणी तिथेच थांबवावी. मूल कोणत्या तसबिरीखाली वाढतं, घरातलं कोण मोर्चाला जातं, वस्तीत जयंती कशी होते हेही विचारून लिहून ठेवावं, कारण क्लॅरेंडनच्या तक्त्यात नेमका हाच रकाना नव्हता.